मोटरहोमची हायड्रॉलिक स्लाइड चालत्या गाडीत बाहेर सरकते: व्हॉल्व्ह बदलायचा का?

ओहायोकर:

नमस्कार मंडळी,

२००४ सालचं डिझेल पुशर, म्हणजे मागे डिझेल इंजिन असलेलं मोटरहोम (राहायची सोय असलेली गाडी) आहे, ३८ फुटी. ड्रायव्हरच्या बाजूला सोफा आणि डायनेटची (जेवणाच्या टेबलाची) मोठी स्लाइड, म्हणजे गाडी उभी असताना बाहेर सरकणारा खोलीचा भाग, मागे बेडरूमची लहान. दोन्ही स्लाइड आणि लेव्हलिंग जॅक (उभी गाडी समतल धरणारे) एकाच १२ व्होल्टच्या पंपावर चालतात. पंपाला लागून ॲल्युमिनियमचा मॅनिफोल्ड (तेलाच्या वाटांचा ठोकळा) आहे आणि त्यावर कार्ट्रिज प्रकारचे, म्हणजे आट्यांनी आत बसणारे, सोलेनॉइड (विजेच्या चुंबकाने चालणारे) व्हॉल्व्ह ओळीने बसवले आहेत. मॅनिफोल्डवरचं लेबल पूर्ण पुसलं गेलंय, त्यामुळे पार्ट नंबर मिळत नाही.

त्रास दोन प्रकारचा आहे. एक, मोठी स्लाइड पूर्ण आत घेतली, रबरी सील चारही बाजूंनी दाबलं गेलं, तरी तासभर हायवेवर चालवली की वरच्या कडेला बोटभर फट पडते. उजव्या वळणांचा रस्ता असेल तर जास्त. दोन, स्लाइड बाहेर काढताना कधीकधी पंप नुसता गुरगुरतो आणि स्लाइड जागची हलत नाही. दोन-तीनदा बटण सोडून परत दाबलं की निघते. हे उन्हाळ्यात दुपारी हमखास होतं, सकाळी सहसा नाही.

बाहेर कुठेही तेल गळत नाही, टाकीतली पातळीही तेवढीच आहे. गॅरेजवाला सगळे व्हॉल्व्ह एकदम बदलायला सांगतोय. सगळे बदलण्याची खरंच गरज आहे का? आणि घरी करायचं तर क्रम काय ठेवावा?

पाना_पक्कड:

सगळे व्हॉल्व्ह एकदम बदलू नका. तुमच्या दोन तक्रारींची कारणं बहुधा वेगवेगळी आहेत, आणि दुसरीत व्हॉल्व्हचा दोष नसण्याचीच शक्यता जास्त.

तपास पूर्ण होईपर्यंत स्लाइडला ट्रॅव्हल लॉक बार (स्लाइड आत अडवून धरणारे दांडे) लावल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका. बार नसतील तर स्लाइडच्या मापाचे घ्या. जड स्लाइड फक्त तेलाच्या भरवशावर थांबवायची नसते, आणि ते तेलच आता दगा देतंय.

पहिली तपासणी फुकटची आहे. बहुतेक मॅनिफोल्डवर प्रत्येक व्हॉल्व्हला हाताने उघडायची सोय असते. एचडब्ल्यूएच कंपनीच्या रचनेत रिलीज नट असतो, इतरांत छोटी घुंडी किंवा स्क्रू. वीज नसताना स्लाइड आत ढकलायची तर हेच उघडतात, आणि नंतर पूर्ण बंद करायचं राहून जातं. अर्धा आटा जरी मोकळा राहिला तरी तेल हळूहळू निसटत राहतं आणि स्लाइड सरकते. प्रत्येक नट हाताने तपासून घट्ट करा, पण जोर लावू नका, आतली सीट खराब होते.

मग वीज. उन्हाळ्यात दुपारी अडकणं हे कॉइलचं (व्हॉल्व्हच्या चुंबकाच्या तारेच्या गुंडाळीचं) ठरलेलं लक्षण आहे. तांब्याच्या तारेचा रोध दर अंश सेल्सिअसला साधारण ०.४ टक्क्याने वाढतो. कॉइल ५० अंशांनी तापली तर रोध २० टक्के वाढतो आणि करंट साधारण १७ टक्क्यांनी कमी होतो. त्यातच पंप सुरू झाला की तो शंभर अँपिअरच्या वर ओढतो, व्होल्टेज खाली बसतं, आणि मुळातच कमी ताकद मिळणारी कॉइल पॉपेट (सीटवर टेकून तेल अडवणारा व्हॉल्व्हचा आतला भाग) उचलू शकत नाही.

मल्टिमीटरने तीन गोष्टी बघा. सगळ्या कॉइल वायर काढून थंड असताना मोजा आणि आकडे शेजारी शेजारी लिहा. १२ व्होल्टच्या अशा कॉइल सर्वसाधारणपणे ६ ते १० ओहमच्या आत येतात, पण आकड्यापेक्षा तुलना महत्त्वाची: सगळ्या सारख्या आणि एक वेगळी, तर तीच संशयित. दुसरं, कोणीतरी आत बसून बटण दाबत असताना, म्हणजे पंप चालू असताना, कॉइलच्या दोन टोकांवर किती व्होल्ट येतात ते बघा. साडेदहाच्या खाली नको. तिसरं, तेवढ्याच वेळात बॅटरीच्या टोकांवर किती आहेत. बॅटरीवर बारा आणि कॉइलवर नऊ असतील तर मधली वायर, लग (वायरच्या टोकाची कडी) किंवा ग्राउंड खातंय.

कॉइलची खात्री न करता व्हॉल्व्ह मागवू नका. दोन सारख्या कॉइलची अदलाबदल करून बघा. कॉइल वरच्या एका नटने धरलेली असते, ती काढताना तेल सांडत नाही. दोष कॉइलबरोबर दुसऱ्या जागी गेला तर कार्ट्रिज निर्दोष आहे.

सरकण्याचं म्हणाल तर दोन्ही होज (तेलाच्या लवचिक नळ्या) मॅनिफोल्डजवळ सोडून टोप्या लावा. तरीही स्लाइड सरकली तर सिलिंडर, थांबली तर व्हॉल्व्ह.

दाब_आणि_प्रवाह:

विजेबद्दल वर लिहिलंय त्याला पूर्ण दुजोरा. टोप्या लावून करायच्या चाचणीबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहितो, कारण ती सगळीकडे लागू पडत नाही.

तुमची स्लाइड ड्रायव्हरच्या बाजूला, म्हणजे डावीकडे आहे. उजव्या वळणावर तिला बाहेर फेकलं जातं. तुमच्या वर्णनाशी हे तंतोतंत जुळतं. बहुतेक रचनांमध्ये सिलिंडरचा रॉड बाहेर येताना स्लाइड बाहेर जाते. म्हणजे आत घेतलेली स्लाइड धरून ठेवतं ते रॉडच्या बाजूचं तेल. स्लाइड बाहेर ओढली गेली की रॉडच्या बाजूला दाब चढतो आणि ते तेल जिथून वाट मिळेल तिथून पळतं. वाटा दोनच: मॅनिफोल्डमधला त्या बाजूचा व्हॉल्व्ह, नाहीतर सिलिंडरच्या आतलं पिस्टन सील.

दुसऱ्या बाजूचा व्हॉल्व्ह कितीही पक्का बंद असला तरी त्याची इथे मदत नाही. तिथे फक्त पोकळी निर्माण होते, आणि पोकळी फार तर वातावरणाच्या दाबाएवढी ओढ देते, साधारण १४.७ पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच). दोन इंच बोअरच्या (आतल्या व्यासाच्या) पिस्टनचं क्षेत्रफळ ३.१४ चौरस इंच, म्हणजे जेमतेम ४६ पाउंड. एवढ्या मोठ्या स्लाइडपुढे हे काहीच नाही. म्हणून होज नीट माग काढत जा आणि रॉडच्या बाजूची लाइन कोणत्या व्हॉल्व्हवर येते ते आधी ठरवा. काही मॅनिफोल्डमध्ये दोन्ही स्लाइडच्या रॉडच्या बाजू एकाच सामायिक लाइनवर असतात आणि ती लाइन पंपाजवळच्या चेक व्हॉल्व्हने (एकाच दिशेने तेल जाऊ देणाऱ्या) धरलेली असते. तुमची तशी असेल तर स्लाइडचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह बदलून काडीचाही फरक पडणार नाही.

आता चाचणी. बाहेर सरकणाऱ्या स्लाइडसाठी दोन्ही टोप्यांची चाचणी बरोबर आहे, पण ती करायला गाडी चालवावी लागते. उलट, बाहेर काढलेली स्लाइड आत सरकत असेल तर ती चाचणी फसवते. पिस्टन सील पूर्ण गेलं असलं तरी दोन्ही बाजू बंद असताना आत येणाऱ्या रॉडला जागा मिळत नाही, तेल दाबलं जात नाही, आणि स्लाइड थांबते. आपण समजतो सिलिंडर चांगला आहे.

त्यापेक्षा जागेवर उभ्या गाडीत हे करा. स्लाइड पूर्ण आत घ्या, थांबेपर्यंत. बॅटरीची निगेटिव्ह काढा, रिलीज नट उघडून दाब सोडा, परत बंद करा. आता सिलिंडरची रॉडविरुद्ध बाजूची होज, म्हणजे स्लाइड बाहेर काढणारी, सिलिंडरजवळ सोडा. होजच्या टोकाला स्टीलची टोपी घट्ट लावा. सिलिंडरच्या उघड्या तोंडाला पारदर्शक नळी लावून ती काचेच्या बरणीत सोडा. बॅटरी जोडा, आणि मदतनीसाने आत घ्यायचं बटण पाच सेकंद दाबून धरायचं. फक्त आतलं. बाहेरचं बटण या अवस्थेत कोणाचाही हात लागू नये म्हणून त्यावर टेप लावा.

सुरुवातीला थोडं तेल टपकेल, ते थांबलं तर पिस्टन सील चांगलं आहे. बटण दाबलेलं असेपर्यंत धार चालूच राहिली तर सील गेलं. पिस्टन हलत नसताना त्या तोंडातून तेल यायला दुसरी वाटच नाही. मोठ्या स्लाइडला सहसा दोन सिलिंडर असतात, दोन्ही वेगवेगळे तपासा.

आणि कुठेही गळती हाताने चाचपू नका. सुईएवढ्या छिद्रातून दाबाखाली आलेलं तेल कातडीत घुसतं. जखम ठिपक्याएवढी दिसते, पण बोट कापावं लागण्यापर्यंत गोष्ट जाते. असं झालं तर लगेच इमर्जन्सीत जायचं आणि तेल आत घुसलंय हे स्पष्ट सांगायचं. शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा वापरा.

ओहायोकर:

दोघांचेही मनापासून आभार. सगळं क्रमाने तपासलं.

रिलीज नट सगळे बंद होते. कॉइल सगळ्या ७.८ ते ८.२ ओहमच्या आत. पंप चालू असताना बॅटरीवर १२.१ व्होल्ट, आणि स्लाइड बाहेर काढणाऱ्या कॉइलवर फक्त ९.४. मॅनिफोल्डची ग्राउंड वायर चासीला जिथे जोडली आहे तिथला लग हिरवा पडला होता. घासून, नवा लग क्रिंप करून जोडल्यावर ११.५ आले. बरणीच्या चाचणीत दोन्ही सिलिंडरमधून काही थेंब आले आणि थांबले. रॉडच्या बाजूची लाइन तिच्या स्वतंत्र व्हॉल्व्हवरच जाते, सामायिक नाही. म्हणजे तो एक कार्ट्रिज दोषी दिसतोय.

षटकोनाच्या सपाट भागावर आकडे आहेत पण अर्धेच वाचता येतात. आटे ३/४-१६ (पाऊण इंच व्यास, इंचाला १६ आटे) वाटतात. त्याच आट्यांचा कार्ट्रिज ऑनलाइन बराच स्वस्त मिळतोय. आटे जुळले तर चालेल ना?

दाब_आणि_प्रवाह:

९.४ व्होल्टमध्ये तुमचा अर्धा प्रश्न होता. चुंबकाची ओढ साधारण करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे १२ ऐवजी ९.४ मिळाले तर ताकद जवळपास ४० टक्क्यांनी कमी. वर दुपारची उष्णता. आता ती तक्रार बहुतेक संपली.

आट्यांवरून कार्ट्रिज घेऊ नका. ३/४-१६ हा ०८ मापाच्या दोन तोंडांच्या कार्ट्रिजचा प्रचलित आटा आहे आणि त्याच आट्यात एकमेकांशी काही संबंध नसलेले व्हॉल्व्ह येतात. काही वीज नसताना बंद असतात, काही वीज नसताना उघडे. काही पॉपेट प्रकारचे, जे सीटवर टेकून तेल अडवतात, तर काही स्पूल प्रकारचे, ज्यांत थोडी आतली गळती बनावटीतच असते. स्पूलवाला बसवलात तर नवाकोरा असूनही स्लाइड सरकेल.

खरी गोम पुढे आहे. बंद असलेल्या पॉपेट व्हॉल्व्हचेही दोन प्रकार आहेत. एक फक्त एका दिशेने अडवतो, उलट दिशेने दाब आला की स्प्रिंगविरुद्ध उचलला जाऊन वाट देतो. दुसरा दोन्ही दिशांनी अडवतो. बाहेरून दोघे सारखेच दिसतात. दोन्हीकडून अडवणाऱ्याच्या जागी एकेरी बसला तर सगळं व्यवस्थित चालल्यासारखं वाटतं आणि हायवेवर परत फट पडते.

म्हणून जुना कार्ट्रिज काढून, पुसून, सोबत नेऊन मोबाइल हायड्रॉलिकच्या दुकानात दाखवा. भोसरी-चाकणला जशी हायड्रॉलिकची दुकानं कारखान्यांच्या आसपास असतात तशी इथे अमेरिकेत शेतीची अवजारं आणि बांधकामाची यंत्रं विकणाऱ्या गावांत सापडतात. काउंटरवर सांगायचं ते असं: दोन तोंडांचा, वीज नसताना बंद, पॉपेट, एका दिशेने की दोन्ही दिशांनी अडवणारा, हाताने उघडायची सोय हवी, १२ व्होल्ट डीसी. तळापासून पहिल्या ओ-रिंगपर्यंतचं (सील करणारं रबरी कडं) आणि ओ-रिंगांमधलं अंतर कॅलिपरने मोजून घ्या. खाच खोल असेल आणि कार्ट्रिज आखूड, तर सील भलत्याच जागी बसतं.

गाडीच्या चासी नंबरवरून मोटरहोम बनवणाऱ्याकडे हायड्रॉलिकचा आराखडा मागता येतो. पॉवर गिअर आणि क्विकी हे दोन्ही ब्रँड २०१४ पासून लिपर्ट कंपनीकडे आहेत, त्यामुळे मॅनिफोल्ड त्या घरचा निघाला तर चौकशी लिपर्टकडेच करायची. एचडब्ल्यूएच आयोवात मॉस्को नावाच्या गावी आहे.

मिडवेस्टची_माई:

बदलण्याचा क्रम मी लिहिते. हे घरी होण्यासारखं काम आहे, फक्त स्वच्छता ऑपरेशन थिएटरची हवी. पॉपेट आणि सीट यांच्यामध्ये केसाएवढा कण अडकला तरी नवा व्हॉल्व्ह पहिल्या दिवसापासून गळेल.

गाडी सपाट जागी, स्लाइड आत, जॅक पूर्ण वर, ट्रॅव्हल बार लावलेले. जॅकवर उभ्या गाडीत मॅनिफोल्डला पाना लावायचा नाही. चुकून जॅकच्या सर्किटचा व्हॉल्व्ह सैल झाला तर गाडी खाली बसते. खाली शिरावंच लागणार असेल तर चासीखाली पुरेशा क्षमतेचे स्टँड आधी.

लागणारं सामान: कार्ट्रिज आणि त्याचं सील किट, कॉइलच्या वरखालच्या ओ-रिंग, तीन-चार क्वार्ट तेल, धागे न सोडणारी फडकी, ट्रे, लहान टॉर्क रेंच, टॉर्च. सॉकेट खोल हवं, षटकोन मोजून घ्या, बहुतेक वेळा ७/८ किंवा १ इंच. तेल टाकीवर लिहिलेलंच. या पिढीतल्या बऱ्याच रचनांना डेक्सरॉन प्रकारचं ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड लागतं. ब्रेक ऑइल चुकूनही नको, नायट्राइल सील फुगून निकामी होतात.

बॅटरीची निगेटिव्ह काढा, दाब सोडा. फोटो काढा, प्रत्येक वायरला आणि होजला टेपचा क्रमांक लावा. मग मॅनिफोल्ड बाहेरून धुवा, ब्रशने, कार्ट्रिजच्या बुडाशी साचलेला चिखल निघेपर्यंत. ही पायरी सगळे टाळतात आणि तोच चिखल आत पडतो.

कॉइलचा नट काढा, कॉइल वर ओढा. खालची-वरची बाजू आणि वॉशरचा क्रम लक्षात ठेवा. कार्ट्रिज सोडवा. सुरुवातीला अर्धा आटा सैल करून थांबा, उरलेला दाब टपकून जाऊ द्या, मग पूर्ण काढा.

आता घाई करू नका. काढलेल्या कार्ट्रिजवरच्या ओ-रिंग आणि पांढऱ्या बॅकअप रिंग मोजा आणि नव्याशी ताडून बघा. जुन्यावर एक कमी असेल तर ती खाचेत राहिली आहे. टॉर्च मारा. बॅकअप रिंगचा नखाएवढा अर्धचंद्र खाचेच्या पायरीवर चिकटून बसतो आणि तेलात भिजल्यामुळे धातूसारखाच दिसतो. प्लास्टिकच्या किंवा लाकडी काडीने काढा. स्क्रू ड्रायव्हरने ॲल्युमिनियमवर चरा पडला तर मॅनिफोल्डच बदलावा लागेल.

नवा कार्ट्रिज स्वच्छ तेलात बुडवून हाताने फिरवत बसवा. ओ-रिंग टेकेपर्यंत तो हातानेच जायला हवा. मधेच अडला तर आटे तिरके लागलेत, मागे घ्या. ॲल्युमिनियमच्या मॅनिफोल्डमध्ये ०८ मापाला टॉर्क साधारण १८ ते २० फूट-पाउंड, पण विकणाऱ्याच्या पत्रकात वेगळा आकडा असेल तर तोच पाळा. टेफ्लॉन टेप किंवा सीलंट कुठेही लावायचं नाही. इथे सील ओ-रिंग करते, आणि टेपचा तुटलेला धागा थेट पॉपेटखाली जातो.

कॉइलचा नट फक्त ४ ते ५ फूट-पाउंड. जास्त आवळला की कार्ट्रिजची बारीक नळी वाकते आणि आतला प्लंजर घासतो. नवा व्हॉल्व्ह अडकतोय अशी तक्रार येते तेव्हा बऱ्याचदा हेच कारण असतं.

तेल भरायचं ते सगळं आत असताना. दोन इंच बोअर, एक इंच रॉड आणि ३६ इंच स्ट्रोकचा सिलिंडर पूर्ण आत असताना बाहेरच्यापेक्षा रॉडच्या घनफळाएवढं कमी तेल धरतो, म्हणजे साधारण ४६० मिली. दोन सिलिंडर मिळून जवळपास एक क्वार्ट. स्लाइड बाहेर असताना टाकी काठोकाठ भरली तर आत घेताना एवढं तेल झाकणाच्या श्वासछिद्रातून बाहेर येणार.

पहिल्यांदा चालवताना बार काढलेत ना ते बघा. बार लावलेले असताना बाहेरचं बटण दाबलं की सील आणि भिंतीची चौकट दोन्ही फाटतात. बॅटरीला शोअर पॉवर (बाहेरच्या प्लगची वीज) जोडून थोडी बाहेर, परत आत, मग थोडी जास्त, असं करत पूर्ण प्रवास चार-पाचदा. दर फेरीनंतर टाकीतली पातळी बघा. फेस दिसला तर तासभर थांबा, हवा वर येऊ द्या. एक बाजू पुढे आणि दुसरी मागे राहत असेल तर जबरदस्ती करू नका. सिंक्रोनायझिंग सिलिंडरच्या (दोन्ही बाजू बरोबरीने हलवणाऱ्या) रचनेत स्लाइड टोकाला पोचल्यावर बटण थोडा वेळ दाबून धरलं की दोन्ही बाजू जुळतात, किती वेळ ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं.

पाना_पक्कड:

माईंच्या यादीत एक भर. काढलेल्या कार्ट्रिजच्या जाळीवर काय अडकलंय ते पांढऱ्या कागदावर झटकून बघा. चमकणारे कण असतील तर पंप झिजतोय. काळे, रबरासारखे चुरडणारे असतील तर होजचं आतलं अस्तर सुटतंय, आणि वीस वर्षांच्या होजचं ते होतंच. अशा वेळी एकटा व्हॉल्व्ह बदलून उपयोग नाही, त्या स्लाइडच्या होज आणि सगळं तेल बदला. तेल दुधाळ गुलाबी दिसलं तर पाणी शिरलंय, टाकीचं झाकण आणि श्वासछिद्र तपासा.

होज परत जोडताना जेआयसी फिटिंग (शंकूच्या तोंडाचं, आट्यांचं जोड) हाताने घट्ट करून पुढे पान्याने नटच्या दीड-दोन बाजूंइतकंच फिरवा. शंकूच्या तोंडावर चरा असेल तर कितीही आवळलं तरी गळणार.

ओहायोकर:

जाळीवर काळे कण होते, चमकणारं काही नाही. मोठ्या स्लाइडच्या चारही होज माप देऊन बनवायला टाकतोय. कार्ट्रिज दुकानात दाखवला, तो दोन्ही दिशांनी अडवणाराच निघाला. ऑनलाइनचा स्वस्तातला एकेरी होता, घेतला नाही.

एकच विचारायचं राहिलं: होज बदलल्यावर टाकीतलं तेल एकदा बदललं तर पुरे का?

मिडवेस्टची_माई:

एकदा पुरत नाही. सगळं आत असताना टाकी रिकामी केली तरी रॉडच्या बाजूला आणि होजमध्ये जुनं तेल राहतंच. नवं भरा, दोन्ही स्लाइड आणि जॅक पूर्ण बाहेर-आत दोनदा करा, आणि परत काढून नवं भरा. टाकीच्या तळाची जाळी दोन्ही वेळा धुवा. दुसऱ्यांदा काढलेलं तेल काचेच्या ग्लासमध्ये रात्रभर ठेवून तळाला काही साचतंय का बघा. साचलं तर तिसऱ्यांदा.